ताठ वेळू आणि ठेंगणं फाटक

एका राज्यात वीरकेतु नावाचा राजपुत्र होता. रूपानं देखणा, तलवारीचा पक्का, पण मान अशी ताठ की देवघरातसुद्धा वाकायची नाही. "मोडेन पण वाकणार नाही," असं ऊठसूट म्हणायचा. अहो, रणांगणात हे शोभतं. दारोदार म्हणत फिरलं की अंगाशी येतं, आणि तसंच झालं.

पूर्वसमुद्रापलीकडे, सूर्य जिथं सगळ्यांआधी उगवतो त्या बेटावर, ताकेयो नावाच्या म्हाताऱ्या मायाविनीचा वेळूंचा मळा होता. वेळू आभाळाला टेकलेले, आणि आत जायचं फाटक मात्र कमरेएवढं ठेंगणं. येणारा राजा असो की रंक, वाकूनच आत यायचं, ही तिथली रीत. वीरकेतु मळा पाहायला गेला आणि फाटकाशी अडला.

"फाटक तोडा," तो बरोबरच्या शिपायांना म्हणाला.

"ताठच राहायचंय? राहा," ताकेयो म्हणाली, आणि राजपुत्राचा वेळू झाला.

वर्ष लोटलं, वडिलांमागं सिंहासन रिकामं राहिलं. तेव्हा, दादाचा वेळू झालाय हे शिपायांकडून ऐकून, धाकटी बहीण इरावती गलबतात बसली आणि मळ्यावर पोचली. फाटकातून वाकून आत गेली, म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आजी, माझा दादा मला द्या."

"तीन कामं कर, देते. पण आज सांजेला समुद्राकडून वादळ यायचंय. तोवर तो वाकला नाही, तर मोडेल. मोडला की मलाही जोडता येणार नाही."

पहिलं काम होतं वेळूचा कोंब आणायचं. ऊन लागलं की कोंब कडू होतो, म्हणून मातीतून डोकं वर काढण्याआधीच तो शोधायचा. दिसत नाही ते शोधायचं कसं? इरावतीनं मोजड्या काढल्या आणि अनवाणी चालू लागली. एके ठिकाणी तळव्याला माती जराशी फुगलेली लागली. तिथं उकरलं तर कोंब निघाला. बाहेर येताच तो शिंकला.

"दुसरं काम," ताकेयो म्हणाली. "बन असं विरळ कर, की उघडी छत्री घेऊन कुठूनही जाता यावं."

इरावतीनं कोयता उचलला आणि रडतच खाली ठेवला. घाव दादावरच पडला तर? झाडावरचा सुतारपक्षी भारी तोंडाळ होता. तो म्हणाला, "रडतेस काय? तुझा दादा गेल्या सालचा. पोरसवदा वेळू हिरवागार असतो, पेरांखाली पांढरी पूड असते. म्हातारे वेळू पिवळे पडतात. त्यांनाच हात लाव."

तिनं पिवळे तेवढे तोडले. तोडलेले वेळू आपले आपण उठून वखारीत जाऊन निजले. मग तिनं ताकेयोची कागदी छत्री उघडली आणि साऱ्या बनातून फिरली. छत्रीला पानही घासलं नाही.

"तिसरं काम. भाऊ ओळख आणि त्याला वाकव."

एवढ्यात वारा सुटला. सगळे वेळू लवले, शेंडे जमिनीला लागले. एकच तेवढा ताठ उभा, बुंध्यापासून करकरत. इरावतीला हसू आलं आणि रडूही आलं. ओळखायला वेळ कशाला लागतो? पण तिनं त्याला धरून ओढलं, तशी पेरातून चीर उठली. घाबरून तिनं हात सोडले.

"दादा," ती म्हणाली, "तू हरावंस म्हणून नाही आले मी. घरी तुझ्यावाचून करमत नाही. या वाऱ्याची मला भीती वाटते. जरा जवळ ये."

वारा घोंघावला. चीर आणखी वाढली. मग तो वेळू हळूहळू, एकेक पेर करत, खाली आला आणि त्याचा शेंडा बहिणीच्या डोक्यावर टेकला. पाहते तर शेंडा नव्हे, दादाचा हात.

"लागलं नाही ना तुला?" वीरकेतूनं विचारलं. आजवरच्या साऱ्या आयुष्यात त्यानं कुणाला हे विचारलं नव्हतं.

शाप सुटला. वादळ शिडात भरून गलबत घरी आलं. नगारे झडले, गुढ्या उभ्या राहिल्या, अवघं नगर रस्त्यावर लोटलं. राज्याभिषेकाला राजपुरोहितानं मुकुट पुढे केला. वीरकेतु म्हणाला, "इरावतीच्या हातात द्या."

इरावती भावाहून वीतभर बुटकी, त्यात तो सिंहासनाच्या उंच चौथऱ्यावर उभा. तिनं टाचा उंचावल्या, तरी हात पुरेनात. तेव्हा राजानं भर दरबारात मान वाकवली, आणि मुकुट डोक्यावर नीट बसला.

त्या राज्यात पुढं सुख नांदलं. ज्यांच्या घरी ताठ मानेचा कुणी असेल, त्यांना अशी बहीण लाभो.