भिंतीला अंगाई गाणारी कौतिकामाय

फार वर्षांपूर्वी, ओढ्याला अजून बारमाही पाणी होतं तेव्हा, सावळधऱ्यात कौतिकामाय नावाची सुईण राहायची. वस्तीतलं लहानमोठं प्रत्येक माणूस तिच्याच हातांवर जन्मलेलं. ती अंगाई म्हणू लागली की पाळण्यातलं पोर तर झोपेच, पण गोठ्यातली गुरंसुद्धा रवंथ थांबवून डोळे मिटत, असं म्हणतात.

तिची वस्ती नुकतीच बुद्धाच्या वाटेला लागली होती. दुसऱ्यांच्या देवळाबाहेर उभं राहण्यात मायचा जन्म गेला होता. मरण्याआधी एकदा आपल्या विहाराचा उंबरा ओलांडून आत जावं, एवढीच तिची आस होती. दारोदार हिंडून तिनंच सगळ्यांना कामाला लावलं. कोणी पांढरी माती दिली, कोणी गव्हाचा भुसा, कोणी तुळईसाठी परसातलं झाड. ज्याच्याकडे काहीच नव्हतं, त्यानं चिखल तुडवला.

पण हिवाळ्यात मायनं अंथरूण धरलं. तिनं डोळे मिटायच्या आत विहार उभा करायचाच, असं वस्तीचा कारभारी नारबा यानं मनावर घेतलं. मग काय, ओल्या थरावर ओला थर चढू लागला आणि एके सकाळी भिंत बसली. पुन्हा उभारली, पुन्हा बसली. जागाच वाईट आहे अशी कुजबुज सुरू झाली आणि लोक काम सोडून घरी बसले.

ते कानावर येताच माय बाजेसकट तिथं आली. तान्ह्याच्या टाळूवर ठेवावा तसा तिनं मातीवर हात ठेवला.

"भिंतीले निजू द्या," ती म्हणाली. "एक थर घाला, मंग थांबा. वाळला की दुसरा."

नारबा बाजेजवळ बसला. "इतकं थांबलो तं तुह्या हाती कसा लागन विहार, माय? तुह्यासाठीच तं घाई केली."

"मी नाही गेली आत, तं तुमची लेकरं जातीन."

तेव्हापासून दर सांजेला माय बाजेवर बसून भिंतीला अंगाई म्हणायची. थर वाळेपर्यंत त्याला कोणी बोट लावत नसे. ओढा हळू वाहायचा, पाखरं पंख न हलवता तरंगायची आणि भिंतीतून संथ श्वास ऐकू यायचा, असं म्हणतात. भिंत वाढत गेली आणि माय बाजेवर लहान लहान होत गेली. शेवटी तर ती तान्ह्या पोराएवढी उरली, असंही म्हणतात.

शेवटचा थर चढला, त्या सांजेला अंगाई ऐकू आली नाही. माय गेली होती. नारबा लेकरासारखा रडला. पण थर ओला होता, त्याला निजवायला हवं होतं. मग त्यानंच घोगऱ्या आवाजात पहिली ओळ धरली, आणि मायच्या हातांवर जन्मलेली सगळी वस्ती त्याच्यामागं गाऊ लागली.

विहारावर छप्पर आलं, बायकांनी जमीन सारवली. उद्घाटनाच्या सकाळी दार उघडलं, तर ओल्या सारवणावर इवली इवली पावलं उमटलेली. ती उंबरा ओलांडून आत गेली होती, परत आली नव्हती, असं म्हणतात.

आजही सावळधऱ्यात घराची भिंत चढताना सांजेला काम थांबतं आणि घरातली वडीलधारी बाई भिंतीशी बसून अंगाई म्हणते. बुद्धपौर्णिमेला तर वंदना झाली की सगळं गाव विहाराच्या भिंतीला पाठ टेकून गातं. ती भिंत केव्हाच वाळली आहे. आता ती अंगाई मायसाठी असते, आणि ती संपेपर्यंत विहारात कोणी पाय वाजवत नाही.