पलीकडे काय चाललंय, बघून ये!

फार पूर्वी एक शहर आतूनच म्हातारं होत चाललं होतं. नदीपलीकडे नवी वस्ती वाढत होती. तिथे तरुण माणसं, पाळणे, भांडणं, सगळं होतं. आणि शहराच्या पोटातल्या तांबट आळीत उरली होती फक्त पिकली पानं. वरच्या मजल्यांना कुलपं आणि खाली एकेक जीव. दिवेलागणीला वीस घरांपैकी सात घरांत उजेड दिसायचा.

हे पाहून प्रधानाने दवंडी पिटवली, "ज्याच्या घरी खोली रिकामी असेल, त्याने ती शिकायला किंवा कामाला आलेल्या तरुण माणसाला द्यावी. भाडं नाही. अट एकच. संध्याकाळी दोघांनी एकत्र बसून जेवायचं!"

त्या आळीत दोन म्हातारे तांबट शेजारी शेजारी राहायचे. एकाला सगळे तात्या म्हणायचे, दुसऱ्याला अण्णा. दोघांच्या घरांमधली भिंत एकच. साठ वर्षं तांबं ठोकून दोघांनाही ऐकू कमी यायचं, आणि बोलायचे ते मात्र आळीच्या टोकापर्यंत पोचेल असं.

तात्यांचा मुलगा नव्या वस्तीत राहायचा. तो म्हणाला होता, "तात्या, जिन्यावरून पडलात ते मला दोन दिवसांनी कळलं. दसऱ्यापर्यंत घरात कुणी सोबतीला आलं, तर खुशाल राहा. नाहीतर मी गाडी घेऊन येणार, घराला कुलूप लावणार आणि तुम्हाला घेऊन जाणार."

तात्यांना जायचं नव्हतं. जन्म गेला ती आळी, ती ऐरण, तो ओटा सोडून परक्या अंगणात बसून कसं राहायचं? म्हणून त्यांनीही खोली देऊ केली.

अण्णांकडे एक मृदंग वाजवणारा तरुण आणि त्याची बायको राहायला आली. तात्यांकडे आली वैद्याकडे शिकणारी एक मुलगी. अंगाने किडकिडीत, आणि भांडं वाजलं तरी दचकणारी.

पहिल्याच दिवशी तात्यांनी साध्या आवाजात विचारलं, "काय गं, भूक लागली का?" आणि तिच्या हातातला तांब्याच पडला.

"अगं, मी काय वाघ आहे?"

"नाही तात्या, पण तुमचा आवाज..."

"तांबटाचा आवाज आहे बाई. कोकिळेचा कुठून आणू?"

ती हसली. तात्याही हसले. खूप वर्षांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

दोघं जेवायला बसली, तेवढ्यात मधली भिंत धडधडली. तात्यांनी तिच्यावर तळवा टेकवला. "काय चाललंय गं तिकडे?"

"हसतायत सगळे."

"कशाला?"

"ते नाही कळत."

"मग बघून ये की!"

मुलगी गेली आणि येऊन म्हणाली, "अण्णा मृदंग शिकतायत. हातोडा मारावा तसे मारतायत."

तात्यांचा घास तोंडातच राहिला. "या वयात? आणि जेवायला काय केलंय?"

"भरीत. वर कच्चं तेल घातलेलं."

तात्यांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. मघाशी गोड लागलेली आमटी आता पाणचट लागायला लागली.

मग ते रोजचंच झालं. पानावर बसलं की तात्यांचं सुरू. "ए पोरी, पलीकडे काय चाललंय, बघून ये! भाकरी ज्वारीची की बाजरीची? लोण्याचा गोळा केवढा होता? अण्णाचं धोतर नवं आहे का?" एकदा मुलीने त्यांच्या कानात घालायला लसणीचं तेल कोमट करून आणलं. तात्या म्हणाले, "ते राहू दे, आधी बघून ये." ती परत येईपर्यंत तेल गार झालं होतं.

आणि ते स्वतःशी पुटपुटायचे, "अण्णाचं नशीब बघ. कशी खणखणीत माणसं मिळाली! माझ्या वाट्याला आलं हे सशाचं काळीज." त्यांना वाटायचं, आपण मनात बोलतोय. ऐकायची मात्र सगळी आळी. मुलगीही ऐकायची.

आधी ती अण्णांच्या दारात उभी राहून परत यायची. मग अण्णा म्हणाले, "उभी का? टेक जरा." मग मृदंगवाल्याच्या बायकोने तिचं पान मांडलं. "हेर असलीस म्हणून काय झालं, हेरालाही पोट असतंच की!" आता मुलगी जेवूनच परतायला लागली. तात्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बातमी भरपूर यायची. ते एकटे जेवायचे आणि वाट बघत बसायचे.

एक दिवस मुलगी चाचरत म्हणाली, "तात्या, अण्णांचा माळा रिकामा आहे. मी तिकडे राहायला जाऊ का?"

तात्यांचे डोळे चमकले. "जा की! म्हणजे सकाळचंही कळेल!"

मुलीने एकेक कपडा सावकाश घडी करून बांधला. तात्या आणखी काही बोलतील, असं तिला वाटलं असावं. मग तिने आपलं बोचकं उचललं. दोन दिवस ती बातमी सांगायला आली. तिसऱ्या दिवशी आली नाही.

दसऱ्याला मुलगा बैलगाडी घेऊन आला. तात्यांच्या हातावर सोनं ठेवून तो पाया पडला आणि म्हणाला, "मिळालं का कुणी सोबतीला?"

"मिळालं ना! वैद्यकी शिकते. हुशार आहे."

"कुठे आहे?"

"इथेच, शेजारी गेलीय. येईल."

"बरं वाटलं, तात्या. हाक मारा तिला. नाव काय तिचं?"

तात्यांनी तोंड उघडलं. मृदंगवाल्याच्या बायकोला डोहाळे कशाचे लागलेत, हे त्यांना ठाऊक होतं. अण्णांनी मंगळवारी किती भाकऱ्या खाल्ल्या, हेही ठाऊक होतं. पण तीन महिने आपल्या घरात राहिलेल्या पोरीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

 मुलाने पिशवीतून कुलूप काढलं.

गाडी अण्णांच्या दारासमोर आली, तशी मुलगी धावत बाहेर आली आणि चाकाशी उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. तात्यांनी खाली वाकून विचारलं, "पोरी, नाव काय गं तुझं?"

"कस्तुरा."

"चांगलं नाव आहे," तात्या म्हणाले, आणि गाडी पुढे गेली.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या ताटात काय वाढलंय, हे बघत बसणाऱ्याला आपल्या पंगतीत कोण बसलंय, ते दिसत नाही.