दरबारी हत्तिणीचं पिल्लू

कोणे एके काळी, राजवाड्यातले हत्ती आणि रानातले हत्ती नातेवाईक असूनही एकमेकांना ओळख देत नसत, तेव्हाची ही गोष्ट.

एका राजाने आनंदाच्या भरात आपली लाडकी हत्तीण रानात सोडून दिली. तरीही रानातल्या एका कळपाने तिला सामावून घेतलं आणि पुढे तिला एक पिल्लू झालं. केसाळ, गोड, स्वतःच्याच सोंडेवर पाय देऊन पडणारं! हत्तिणीचा सगळा जीव त्याच्यात होता. पण तिचं दरबारी वळण काही सुटलं नव्हतं.

पिल्लू गवत खाऊ लागलं, तसं ते आईच्या ताज्या लिदीपाशी घुटमळू लागलं.

"शी! घाण आहे ती," हत्तीण ओरडायची. "राजवाड्यात लीद पडायचा अवकाश, लगेच उचलून नेत."

कळपातली बाकीची पिल्लं आयांच्या लिदीवर खुशाल ताव मारत. ते बघून हिला मेल्याहून मेल्यासारखं होई. ती आपली लीद पायाने मातीत गाडून टाकी.

उन्हाळा आला, ओढा आटत चालला. कळपाला डोंगरापलीकडच्या नदीवर जायचं होतं आणि नेमकं तेव्हाच पिल्लू खंगलं. दिवसभर गवत खायचं, तरी बरगड्या दिसायच्या. पोट फुगलेलं, शी पातळ, आणि तिच्यात गवताच्या काड्या जशाच्या तशा. एवढी वाट ते चालणार कसं? त्याच्यासाठी कळप अडकून पडला, तर सगळेच तहानेने मरणार. हत्तीण रडवेली होऊन कळपातल्या म्हातारीकडे गेली.

"मावशी, ह्याला खाऊ घालण्यात मी कुठे कमी पडले गं?"

म्हातारीने पिल्लाच्या पोटाला कान लावला. "आत सगळं सामसूम आहे, पोरी. लहान आतडं दूध पचवतं, पण गवत त्याला दाद देत नाही. ते पुढे मोठ्या आतड्यात जातं. ते आतडं रुंद, निवांत. तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते गवत आंबवतात आणि त्यातलं सत्त्व आपल्याला देतात. उरलेलं पाणी आतडं शोषून घेतं, चोथा तेवढा बाहेर टाकतं. तुझ्या लेकराचं ते घर अजून रिकामं आहे."

"मग ते जीव आणायचे कुठून?"

"तुझ्या पोटातून. तुला तुझ्या आईने दिले, तिला तिच्या आईने. लिदीतूनच येतात ते. इतके दिवस तू ते मातीत गाडत होतीस, बाई."

हत्तिणीचे डोळे भरून आले. राजवाड्याच्या आधीचं काहीतरी तिला पुसट आठवलं. आपणही कुणाच्या तरी पायाशी अशीच सोंड लावली होती, आणि तेव्हा कुणी 'शी' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या कळपादेखत, तिने लीद टाकली आणि पाय मागे घेतला. पिल्लाने सवयीने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"खा रे राजा," ती म्हणाली. "माझंच आहे. तुझ्यासाठीच आहे."

म्हातारीने ओढ्याच्या उरल्यासुरल्या डबक्यावर कळपाला थोडे दिवस थोपवून धरलं. हळूहळू पिल्लाचं पोट गुरगुरू लागलं, फुगा उतरला, पायांत जोर आला. मग कळप निघाला. पिल्लू आपल्या पायांनी डोंगर चढलं, उतरलं, आणि नदीत शिरून त्याने पहिली सोंडभर पाण्याची धार आईच्या अंगावर सोडली.

तात्पर्य : लेकराला द्यायचं ते देताना आईबापाने चारचौघांची लाज धरू नये.