काळ्या मातीची तहान

“आमच्या राज्यात आमच्या हुकमाशिवाय झाडाचं पान हलत नाही,” हिंदुराव महाराज भर दरबारात गरजले. मग पोटावर हात ठेवून हळूच म्हणाले, “हे पोट तेवढं हलतं. त्याला हुकूम कळत नाही.”

म्हणून तर महालाच्या मागच्या दारी शौचकूप बांधायचं ठरलं होतं. रोज पहाटे तांब्या घेऊन थेट ओढ्यापर्यंत जायचं, आणि वाटेत प्रजेनं लवून मुजरे करायचे. प्रत्येक मुजरा थांबून घेताना महाराजांचे काय हाल होत, ते महाराजांनाच ठाऊक.

जागा कारभारी गुंडोपंतांनी निवडली. भर वैशाखात त्यांनी तिथं घागरभर पाणी ओतलं, ते डोळ्यांदेखत नाहीसं झालं, आणि ‘जमीन तहानलेली आहे, काय वाट्टेल ते पिईल’ असं सांगून पंत जेवायला गेले. पण खड्डा खणायला बोलावलेला नामा बेलदार ती काळी माती चिमटीत धरून म्हणाला, “इथं मी कुदळ मारणार नाही. ही माती पाणी पीत नाही, परत करते.”

महाराज पेटले. “मुहूर्त उद्याचा आहे. तोवर त्या जागेला कुदळ लावायची नाही, पाण्याचा थेंब सांडायचा नाही. तरीही दिवस मावळायच्या आत तुझं म्हणणं खरं करून दाखव. नाहीतर गाढवावरून धिंड!”

नामानं कुदळ खाली ठेवून हात जोडले. त्याची लेक ठकी मात्र पुढं सरसावली. “मी दाखवते, सरकार. तुम्ही फक्त त्या मातीसारखं उन्हात बसा.”

“आम्ही? उन्हात?”

“माती बसलीय की. कधी कुरकुर केली तिनं?”

मातीपुढं हार कोण मानतो? महाराज बसले. घाम टाळूवरून मिशीत उतरला, घशाला कोरड पडली, तेव्हा कुठं ठकी ताकाचा डेरा घेऊन आली.

“मी ओतेन तेवढं प्यायचं. नको म्हणालात, तर बाबांची धिंड रद्द.”

पोरीला पैज लावायची अक्कल नाही, असं महाराजांना वाटलं. पहिला तांब्या त्यांनी गटागट रिचवला.

“कसे प्यायले सरकार, पंत?”

“वा वा! पापणी लवायच्या आत. त्रिभुवनात असा पिणारा नाही.”

दुसरा तांब्या गेला, पण थांबत थांबत. तिसऱ्याला महाराजांनी डोळे मिटून घेतले. चौथ्याला तोंड उघडंच होतं, पण ताक आत जाईना. जेवढं ओतलं तेवढं मिशीवरून अंगरख्यावर आलं.

“बास,” महाराज कण्हले. “नको. जागा नाही.”

“आता कसे पितायत, पंत?”

पंत महालाची कौलं बघायला लागले.

“पंतांनी एकच घागर ओतली, सरकार, आणि जेवायला गेले. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिलं पाणी त्या भेगा गिळतात. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि पुढचं पाणी असं अंगरख्यावर येतं. तुमचं शौचकूप चार दिवस झकास चालेल. पुढं जे खाली सोडाल, ते वर भेटायला येईल. आणि त्या जागेचा उतार तुमच्या मुदपाकखान्याकडं आहे.”

स्वयंपाकघराचं नाव निघताच महाराज ताठ बसले. “मग खणायचं कुठं?”

“हत्तीखान्यामागं मुरूम आहे. पण तिथंही पहिल्या पाण्यावर भुलू नका. खड्डा भरा, रात्रभर मुरू द्या, माती पुरती भिजू द्या. मग दुसरं पाणी भरा. ते भराभर उतरलं, तर जागा खरी.”

महाराजांनी आधी ठकीकडं पाहिलं, मग आपल्या भिजल्या अंगरख्याकडं, आणि असे खदखदा हसले की पोटातलं ताक डचमळलं. मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठकीला दिलं. हत्तीखान्यामागचं सगळं काम नामाला मिळालं. धिंडीसाठी आणलेलं गाढव तेवढं रिकामं उभं होतं. ते पंतांना बक्षीस दिलं, आणि घरी त्याच्यावरच बसून जा म्हणून फर्मावलं.

इतक्यात महाराजांचं हसू एकाएकी थांबलं. त्यांनी दोन्ही हातांनी पोट धरलं आणि दूरवरच्या ओढ्याकडं आशेनं पाहिलं. वाटेतच ठकी उभी.

“सर बाजूला, पोरी! काय करून ठेवलंस हे आमचं?”

ठकीनं वाट दिली. “पळा, सरकार. तुम्हाला ओढ्यापर्यंत जायला पाय तरी आहेत. त्या काळ्या मातीनं कुठं जायचं होतं?”