महाराजांच्या तळहातावरचा वण

त्या वर्षी केशवगिरी महाराजांचा मुक्काम नदीकाठच्या वडघर गावी, मारुतीच्या देवळात होता. देवळाचं सडासारवण सगुणा करी. गरीब बाई, पण भाव असा, की महाराजांचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे.

तिला मुलगी झाली, मैना. बारशाला पोरीचं कपाळ कसं निर्मळ होतं. पुढच्या पंधरवड्यात भुवईवर लाल ठिपका उठला आणि बघता बघता पिकल्या तोंडल्यासारखा फुगला. गावचे भिकाजी वैद्य भारी तोऱ्यातले. चार बायकांदेखत ते सगुणेला म्हणाले, ग्रहणात विळीवर बसली असशील, आता भोग. तुझे महाराज काय, नुसता अंगारा लावतील. तापल्या सळईनं डागल्याशिवाय हे जायचं नाही, असं त्यांनी ठणकावलं. सगुणेनं लेकीला छातीशी धरलं. पण लेकीचं पुढं कसं व्हायचं, या धास्तीनं बिचारी तयार झाली.

सळई लाल झाली. वैद्यांनी ती मैनेच्या कपाळाशी नेली, तोच महाराज कुठून आले कोण जाणे, त्यांनी आपला तळहात मधे घातला. चर्र झालं! मैना मात्र आईच्या मांडीवर शांत निजलेली.

हूं की चूं न करता महाराज म्हणाले, "सगुणे, हा डाग अजून थोडा वाढेल. भिऊ नकोस. पोर चालू लागली की ओसरेल. याला कुणाला हात लावू देऊ नकोस."

आणि तो वाढला की हो! वैद्य येता-जाता विचारत, काय गं, लागू पडले का तुझे महाराज? सगुणा पदरात तोंड लपवून रडे, पण पोरीला तिनं कुणाच्या हाती दिलं नाही. मैना पावलं टाकू लागली, आणि एका सकाळी न्हाऊ घालताना डागाचा लाल रंग मधोमध फिका पडलेला दिसला. सगुणा तिथंच सुखानं पोटभर रडली.

मैना सात वर्षांची झाली तेव्हा महाराज पुन्हा वडघरला आले. कपाळावर डागाची खूणही उरली नव्हती. वैद्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं. मग महाराजांनी आपला तळहात उघडला. सळईचा वण तसाच होता.

"देवानं दिलेला देवानं नेला, वैद्यबुवा. तुमचा मात्र अजून इथंच आहे."

हा वण या पोरीच्या कपाळावर असता, हे वैद्यांना उमगलं. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून सगुणेपुढे हात जोडले, आणि ती सळई स्वतःच्या हातानं नदीत टाकून आले.