न हलणारं तळं

खूप खूप वर्षांमागची गोष्ट. तेव्हा पाखरांचं बोलणं निदान पाखरांना तरी नीट कळत असे.

एका दाट रानात एक तळं होतं आणि काठच्या करंजावर एका ढोकरीचं घरटं होतं. ढोकरी म्हणजे बगळ्याचीच मळकट रंगाची बहीण. तिची कामाची रीत एकच: पाण्याकाठी काठीसारखं उभं राहायचं आणि मासा जवळ आला की चोच मारायची.

त्या वर्षी वारा सुटला तो थांबेचना. पाणी सारखं हलायचं, मासा दिसेनासा व्हायचा. घरट्यात तीन पिल्लं भुकेली. धाकटं तर पार गळून गेलेलं. ढोकरी वैतागली. "मेलं हे पाणी! घटकाभर स्वस्थ म्हणून बसत नाही!"

वारा सुटण्याआधीपासून राजाचा चितारी तळ्यावर मुक्कामाला होता. तेव्हाचं शांत तळं त्यानं भल्यामोठ्या कापडावर हुबेहूब उतरवलं होतं. लव्हाळी, आभाळाची निळाई, पाण्याखाली एक मासासुद्धा. चित्र वाळायला त्यानं काठावरच मांडवात उभं केलं.

ढोकरीनं ते पाहिलं आणि हरखूनच गेली. एवढं पाणी, आणि एक तरंग नाही! ती समोर उभी राहिली.

मासा काही हलेना. आपली सावली पडत असेल, म्हणून ती बाजूला सरली. मग श्वास रोखला. पाण्यात डोकावली, तर तिथं तिचं प्रतिबिंबच नाही! "मी इथं आहे ना?" असं म्हणत तिनं पंख उघडून पाहिले. पंख होते. मग चुकतंय तरी काय?

वरून जाणारा खंड्या ओरडला, "ताई, इकडे तळ्यात ये! मासे थोडे आहेत, पण आहेत!"

"तुझ्या त्या खळबळीत कोण येतंय?" ढोकरी म्हणाली खरी, पण मनातून पुरती गोंधळली होती.

चिताऱ्याची बायको म्हणाली, "अहो, पाखरू चित्राला भुललंय. हाकला त्याला."

"राहू दे गं. याहून मोठी दाद मला कोण देणार?"

दिवस कलला. पिल्लांची ओरड बारीक होत गेली, तशी ढोकरी चित्राच्या आणखी जवळ सरकली. मासा येत नाही तर आपणच जावं, म्हणून तिनं होतं नव्हतं ते बळ लावून चोच मारली. कापड टर्रकन फाटलं. पलीकडे वाऱ्यानं उसळणारं तळं होतं. तळ्याच्या मागे तळं! तिला भोवळच आली. इकडे चितारी डोकं धरून बसला.

भानावर आल्यावर ढोकरी त्या हलत्या पाण्यात शिरली. चोच पुन्हा पुन्हा चुकली, आणि अखेर मासा मिळाला. ती घरट्याकडे धावली. दोन पिल्लांनी चोची उघडल्या. धाकट्यानं उघडलीच नाही. निळा रंग माखलेल्या चोचीनं ती त्याला कितीतरी वेळ हलवत राहिली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: निवांत दिसणारं पाणी डोळ्यांना सुख देतं, पण पिल्लांच्या तोंडी घास घालायचा तर हलत्या पाण्यातच उतरावं लागतं.