सुलटा दगड

फार जुनी गोष्ट आहे. समुद्राला अजून कुणी खारट म्हणायला लागलं नव्हतं, तेव्हाची.

एका कोळीवाड्यात केवडा नावाची नवी सून आली. माहेर डोंगरातलं, त्यामुळे समुद्र तिला नवाच. ओहोटी लागली की सासूबरोबर ती खडकांत खेकडे धरायला जाई. सासूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दगड उलटलास की सुलटा करून ठेव गो."

केवडा गुणाची पोर. पण तिच्या माहेरी सुलटा म्हणजे गुळगुळीत बाजू वर. पाटा तसाच तर मांडतात. म्हणून शेवाळाची बाजू खाली घालून ती एकेक दगड नीट मांडून ठेवी. लांबून बघणाऱ्या सासूला वाटे, काय शहाणी सून मिळाली!

एकदा असाच दगड मांडून ती पुढे गेली आणि ऊन चढल्यावर परतली, तर पायाशी डबक्यात बोटभर मासा. खडकाच्याच रंगाचा. बिचारा त्या दगडाला धडका मारत होता.

"वेड्या, मी तुला धरत नाहीये. जा की पळून," केवडा म्हणाली.

"पळू कुठे, बाई? माझं छप्पर तू उन्हात टाकलंस. पोरं त्यालाच चिकटलीत."

केवडा वाकली. दगडाला चिकटलेली जी तिला घाण वाटली होती, ती पिवळी अंडी होती. दाण्यादाण्यात दोन काळे डोळे. कडेची तर वाळूनही गेली होती.

तिने दगड हलकेच पालथा करून पाण्यात टेकवला. मासा लगेच खाली शिरला आणि परांनी अंड्यांवर पाणी घालू लागला.

"गेलेल्यांचं काय रे?" तिने रडत विचारलं.

"त्यांच्यासाठी रडेन मागाहून. आधी आहेत त्यांचं बघू दे."

केवडाने सासूला सगळं सांगितलं. सासू खाली बसली. म्हणाली, "चूक माझी गो. सुलटा म्हटलं, पण कुणाचा सुलटा ते नाही सांगितलं."

भरतीचं पाणी गुडघ्याला लागेपर्यंत दोघी दगड फिरवत होत्या. पुष्कळ दगडांवर वाचवायला काही उरलंच नव्हतं. त्या वर्षी कितीतरी डबकी रिकामी राहिली.

तेव्हापासून त्या वाड्यात नव्या सुनेला नुसतं सांगत नाहीत. तिचा हात धरून दगडाखालची अंडी दाखवतात.

दुसऱ्याच्या घराची सुलटी बाजू कोणती, हे त्याला विचारल्यावाचून ठरवू नये.